खेळण्यातला गंधार

आपल्या बेळगावकडे हवेवर वाजणाऱ्या पेटीला पेटी म्हणतात, आणि विजेवर वाजणाऱ्या पेटीला सरसकट 'कॅसिओ'. मग ती कोणत्याही कंपनीची असो. डालडा हे जसे एका कंपनीच्या मालाचे नाव असून सगळ्याच वनस्पती तुपाचे होऊन बसले, तसेच हे. लग्नाच्या वाद्यवृंदात कॅसिओ, भजनी मंडळात कॅसिओ, गणपतीच्या मांडवात कॅसिओ. कन्नड बोलणारे माझे सहकारीही हाच शब्द वापरतात. निदान या एका बाबतीत सीमाभागात वाद नाही! या शब्दाला एक बारीकसा तिरस्काराचा वास मात्र चिकटलेला आहे. 'तो काय, कॅसिओवाला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो मनुष्य वाजवणारा असला तरी वादक नव्हे, असेच आपल्याला सुचवायचे असते. आणि कॅसिओची ही गत, तर गणपत गल्लीत काही शे रुपयांना मिळणाऱ्या, कुत्र्यामांजरांचे आवाज काढणाऱ्या खेळण्यातल्या कॅसिओला कोण विचारतो?

या लेखात मला त्या खेळण्याची बाजू मांडायची आहे. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक; गाण्यातला माझा अधिकार श्रोत्यापुरता. तरीही हा विषय घेण्याला कारण घडले. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी, एक विज्ञान शाखेचा मुलगा आणि एक गाणे शिकणारी मुलगी, यांनी दोन महिने खपून तीन मिनिटांची एक रचना केली. त्यातला प्रत्येक आवाज एका खेळण्यातल्या पेटीवरून घेतलेला होता आणि सारी मांडणी जुन्या अमिगा संगणकाच्या पद्धतीने केलेली होती. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ती सादर झाली. मिनिटभर ऐकून परीक्षकांनी हात वर केला. "हे खेळणे आहे, वाद्य नाही. शिवाय वाजवतोय संगणक. तुम्ही काय करताय?" एवढे बोलून पुढचा क्रमांक पुकारला गेला. परीक्षक जाणकार होते, हेतूही वाईट नव्हता. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत. ते उत्तर येथे सविस्तर द्यावे असे मला वाटते. कारण तो प्रश्न पुढच्या वर्षीही येणार, आणि ज्यांच्या घरी खेळण्यापलीकडचे वाद्य नाही, अशाच मुलांपुढे तो आधी येणार.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. याला इंग्रजी शब्द सॅम्पलिंग. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. येथे शितावरून सगळा भातच शिजवायचा असतो! खेळण्याची एकच पट्टी दाबायची, तिचा सेकंदभराचा आवाज संगणकात घ्यायचा. संगणकाला लाट कळत नाही, आकडे कळतात. म्हणून तो दर सेकंदाला काही हजार वेळा लाटेची उंची मोजतो आणि ते आकडे लिहून ठेवतो. अमिगावर मधल्या 'सा'साठी हा वेग सेकंदाला ८२८७ आकडे असा धरतात, आणि उंचीच्या पायऱ्या अवघ्या २५६. तेच आकडे दुप्पट वेगाने परत वाचले की तोच आवाज एक सप्तक वर जातो. निम्म्या वेगाने वाचले की एक सप्तक खाली. मधले सारे सूर मधल्या वेगांनी मिळतात. म्हणजे खेळण्यापासून घ्यायचा तो फक्त एक सूर. बाकीचे सूर संगणकाच्या हिशेबातून निघतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारे अवलंबून आहे.

ही कला मुळात श्रीमंतांची होती. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे तयार झालेले फेअरलाइट नावाचे यंत्र १९७९ मध्ये बाजारात आले. त्याची किंमत सुमारे १८ हजार पौंड. त्या काळी इंग्लंडात एवढ्या पैशांत छोटेसे घर येत असे. पुढे सात वर्षांच्या आत जपानच्या कॅसिओ कंपनीने एसके-१ नावाची ३२ बारक्या पट्ट्यांची पेटी काढली. अमेरिकेत ती शंभर डॉलरच्या आसपास मिळे. तिला छोटा मायक्रोफोन होता. त्यात खोकावे, शिट्टी वाजवावी, आणि सुमारे १.४ सेकंदांचा तो आवाज सगळ्या पट्ट्यांवर उमटावा. दिसायला ती खेळणेच होती. पण घराएवढ्या किमतीच्या यंत्राचे मर्म तिने शाळकरी पोरांच्या मांडीवर आणून ठेवले.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक आला. त्याच्या 'पॉला' नावाच्या चिपमध्ये असे नमुने वाजवणारे चार मार्ग होते. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' ही आज्ञावली लिहिली आणि युरोपभरच्या, विशेषतः जर्मनी आणि उत्तरेकडील देशांतल्या, तरुण पोरांना एक नवेच साधन मिळाले. त्यावर्षीच्या अमिगा ५०० ची स्मृती होती ५१२ किलोबाइट. वर सांगितलेल्या वेगाने ध्वनिमुद्रण केले तर सगळी स्मृती मिळून जेमतेम एक मिनिटाचा आवाज मावेल. तेव्हा सबंध गाणे मुद्रित करून ठेवणे अशक्यच. करायचे काय? प्रत्येक आवाजाचे एकेक शीत घ्यायचे, आणि कोणते शीत केव्हा, किती उंचीवर वाजवायचे याची यादी लिहायची. आवाज आणि यादी एकाच फाइलीत. आमच्या विद्यार्थ्यांची तीन मिनिटांची रचना अशा रीतीने चाळीसएक हजार बाइटांत बसली. आज फोनवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या कित्येक पट जागा लागते.

ही यादी कशी दिसते, हे आपल्या वाचकांना सांगायला सोपे आहे. पं. भातखंडे यांची स्वरलिपी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ती आडवी न लिहिता उभी लिहिली आहे अशी कल्पना करावी. एका पानावर ६४ ओळी, चार रकाने; एकेका रकान्यात एकेका मार्गाचा सूर. स्वरांचा आवाका तीन सप्तकांचा. आपल्या मंद्र, मध्य आणि तार यांच्याइतका. एका मात्रेला चार ओळी धरल्या तर ६४ ओळींत बरोबर सोळा मात्रा बसतात, म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन. झपताल हवा असेल तर चाळिसाव्या ओळीवर पान संपवण्याची आज्ञा द्यावी, रूपक हवा असेल तर अठ्ठाविसाव्या ओळीवर. हे साधन करणाऱ्या जर्मन तरुणाच्या मनात त्रिताल नव्हता, हे उघड आहे. पण सोय आहे, ती वापरायला कोणाची ना नसावी.

आता मुख्य प्रश्न. चांगल्या वाद्याचा आवाज घेता येत असताना खेळण्याचाच का घ्यावा? गरिबी हे एक कारण आहेच, पण तेवढेच कारण नाही. सेकंदाला ८२८७ आकडे घेतले तर त्याच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ४१०० कंपनांहून, वरचे काही त्यात टिकत नाही. सॅम्पलिंगचा हा मूलभूत नियम नायक्विस्ट यांच्या नावाने आपण तिसऱ्या वर्षाला शिकवतो. तानपुऱ्याचा आवाज अशा चाळणीतून घातला तर त्याची जवार गळून जाते, आणि उरते ते तारेचे हाड. शिवाय तानपुऱ्याचा सूर क्षणोक्षणी रंग बदलतो. त्याचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला की लबाडी लगेच कानाला कळते. खेळण्याच्या सुराचे तसे नाही. तो मुळातच चिमूटभर स्वरांशांचा बनलेला, एकसुरी, पहिल्या क्षणी जसा तसाच शेवटच्या क्षणी. त्याची एखादी लाट नेमकी कापून फिरवत ठेवली तर तो अखंड चालतो. ज्याच्यापाशी फार नाही, त्याचे नुकसानही फार होत नाही. म्हणून हा स्वस्त आवाज त्या अरुंद स्मृतीत सुखाने नांदतो.

अर्थात कापणे नेमके पाहिजे. लाट ज्या जागी शून्यातून वर जाते, त्या जागी तुकडा सुरू व्हावा आणि तशाच जागी संपावा. नाहीतर प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा ठोका बसतो. आमच्या विद्यार्थ्याने ही जागा शोधण्यात तीन संध्याकाळ घालवल्या. तबल्याचे काम त्याने खेळण्याच्या पोकळ प्लॅस्टिकच्या पाठीवर बोटांनी ठोकून भागवले. मध्यावर ठोकले की 'धा'ची गुंज, कडेला ठोकले की 'ना'. हा आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणापाशी नाही.

येथवर मुलाचे काम झाले. यापुढे मुलीचे. तिने भूप निवडला. पाचच स्वर, त्यात गंधार वादी. रचना तयार झाल्यावर संगीत कक्षातल्या तानपुऱ्याशी ताडून पाहताना ती म्हणाली, "सर, ग टोचतोय." मला काही टोचत नव्हते. मुलगा म्हणाला, "अगं, संगणकाचा ग आहे, तो कसा चुकेल?" ती म्हणाली, "चुकलाय. चढा आहे."

आम्ही आकडे काढून पाहिले. प्रोट्रॅकर या आज्ञावलीत (ही १९९० ची, ओबार्स्कीच्या साउंडट्रॅकरची वंशज) प्रत्येक सुराला एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितका सूर उंच. मधल्या 'सा'चा आकडा ४२८, तारसप्तकातल्या 'सा'चा त्याच्या निम्मा, २१४. पंचम हा सा'च्या दीडपट कंपनांचा. ४२८ ला दीडने भागले की २८५.३ येतात, आणि कोष्टकात आहेत २८५. उत्तम. रिषभासाठी सव्वाएक... म्हणजे नऊ अष्टमांशाने भागले की ३८०.४ येतात, कोष्टकात ३८१. तेही ठीक. पण शुद्ध गंधार हा सा'च्या सव्वापट. ४२८ ला सव्वाने भागले की ३४२.४ यायला हवेत. कोष्टकात होते ३३९! पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे जो गंधार चढा होतो, तोच हा. आकड्यांच्या पूर्णांकांमुळे आणखी थोडा चढलेला. मुलीचा कान बरोबर होता आणि यंत्र चुकत होते.

उपायही त्याच यंत्रात निघाला. प्रत्येक नमुन्याचा सूर अर्ध्या स्वराच्या आठव्या भागाइतक्या पायऱ्यांनी चढवता-उतरवता येतो. त्यांनी त्याच आवाजाची दुसरी प्रत केली आणि ती एक पायरी उतरवली. या प्रतीत गंधाराचा आकडा येतो ३४२. हवा होता ३४२.४. धैवताचेही तेच झाले: गंधाराशी संवाद साधणारा धैवत २५६.८ हवा, मूळ कोष्टकात २५४, उतरवलेल्या प्रतीत २५६. तेव्हा सा, रे, प मूळ प्रतीवर आणि ग, ध उतरवलेल्या प्रतीवर अशी वाटणी करून त्यांनी सारी पाने पुन्हा लिहिली. त्यानंतर तो खेळण्यातला गंधार तानपुऱ्याशेजारी ठेवला, तेव्हा मलासुद्धा फरक कळला. आधी सेकंदाला तीनएक वेळा थरथरणारा सूर आता जवळजवळ स्थिर होता.

"तुम्ही काय करताय?" या प्रश्नाचे हे पहिले उत्तर आहे. ऐकत होते. शुद्ध गंधार तयार मिळत नाही हे ओळखून, तो मोजून, हाताने बनवत होते. पट्टी दाबली की गंधार मिळतो अशा समजुतीत आयुष्य काढणाऱ्यांची संख्या आपल्यात थोडी नाही.

दुसरा आक्षेप असा की, यंत्रातला सूर आपल्या संगीताला मानवत नाही. हा आक्षेप नवा नाही आणि हलकाही नाही. हाच आक्षेप एके काळी पेटीवर होता. ती परदेशी, तिच्यात मींड नाही, तिचे स्वर ठोकळेबाज, अशा कारणांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत कायम होती. आक्षेपाची कारणे खोटी नव्हती. पेटीत खरोखरच मींड नाही. पण त्याच काळात आपल्या गावात रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांच्यासारखे वादक पेटी अशी वाजवत होते की, वाद्याची उणीव ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये. वाद्याची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवणाऱ्यांना या गावाने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. आणि गंमत पाहा: जी मींड पेटीला कधी साधली नाही, ती या आकड्यांच्या यादीत साधते. एका सुरावरून दुसऱ्या सुरापर्यंत ठरावीक वेगाने सरकत जाण्याची आज्ञा तेथे आहे. तिचा क्रमांक ३. सूर हलका झुलवण्याची दुसरी आज्ञा आहे. तिचा क्रमांक ४. ही गायकाच्या गळ्याची बरोबरी आहे असे मी म्हणत नाही. सरकणे पायऱ्यापायऱ्यांनी होते, आणि कान देऊन ऐकले तर पायऱ्या कळतात. पण गंधारावरून रिषभावर किती वेळात उतरायचे हे ज्या मुलीला आकड्यात लिहावे लागले, तिने ती उतरण स्वतः शंभरदा गाऊन पाहिली होती.

तिसरा आक्षेप 'खेळणे' या शब्दातच आहे. त्यासाठी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९८० मध्ये ओकुदा हिरोको ही तरुणी जपानमधल्या संगीत महाविद्यालयातून पदवी घेऊन कॅसिओ कंपनीत लागली. जमैकाच्या रेगे संगीताचा तिने महाविद्यालयात अभ्यास केला होता. कंपनीच्या एमटी-४० या छोट्या पेटीसाठी तिने काही तयार ठेके बनवले, त्यात 'रॉक' नावाचा एक ठेका होता. पेटी १९८१ मध्ये बाजारात गेली. ती फिरत फिरत जमैकात पोचली. तेथे वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या तरुणांनी तो ठेका दाबून पाहिला, किंग जॅमी या निर्मात्याने त्याची लय संथ केली, आणि १९८५ मध्ये 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणे निघाले. त्या एका ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली आणि जमैकाच्या संगीताने वळण घेतले. जमैकाच्या संगीतावर प्रेम करणाऱ्या एका जपानी मुलीने एका स्वस्त पेटीत जे ठेवले, ते जमैकातल्याच मुलांच्या हाती परत गेले. त्या पेटीला खेळणे म्हणून बाजूला सारणारे कोणी मध्ये आले नाही, हे त्या संगीताचे भाग्य.

या हकिकतीत एक डाचणारी गोष्टही आहे. ठेका जगभर वाजला, पण तो बनवणारीचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. खेळण्यातल्या आवाजालाही कोणीतरी आईबाप असतात. अमिगाच्या दुनियेतही हा घोटाळा झाला. साउंडट्रॅकरबरोबर तयार नमुन्यांच्या तबकड्या मिळत. त्यातले आवाज बाजारातल्या सिंथेसायझरवरून घेतलेले. हजारो पोरांनी तेच आवाज वापरले. त्यामुळे त्या काळातल्या अनेक रचना एकाच खानावळीतल्या आमटीसारख्या लागतात. पोरे हुशार होती, पण शिते दुसऱ्याची होती.

आपल्यापुढचा प्रश्न याहून मोठा आहे. आज कोणत्याही फोनवर हजारो तयार आवाज फुकट आहेत. इतकेच नव्हे, 'भूपातले काहीतरी, बासरी घालून' असे लिहिले की सबंध रचना बनवून देणारी यंत्रेही आहेत. ती रचना ऐकायला गोड असते. पण तिच्यातला गंधार चढा आहे की उतरता, हे तिच्या मालकाला विचारावे, तर तो तुमच्याकडे पाहत राहील. तिच्यातला कोणताच आवाज त्याने ऐकून घेतलेला नसतो, कापलेला नसतो, नाकारलेला नसतो. अशा काळात खेळण्याची एक पट्टी दाबून तिची लाट हाताने कापणारा विद्यार्थी मागे चालला आहे, असे काहींना वाटते. मला तो सध्या शिकत असलेल्या थोड्यांपैकी एक वाटतो.

हे स्मरणरंजन आहे, अशीही टीका मी ऐकली आहे. युरोपातल्या पन्नाशीच्या गृहस्थाने अमिगाचे सूर ऐकून डोळे पुसले तर ते स्मरणरंजन. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळ्यात गेली, आणि त्यांच्या बालपणाचा एक तुकडा तिच्याबरोबर गेला. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात, किंवा माझ्याही, अमिगा कधी आलाच नव्हता. आठवण काढायला आपल्यापाशी आहे काय? आपल्याला त्या पद्धतीतून घ्यायची आहे ती शिस्त. चारच मार्ग, तीनच सप्तके, ३१ नमुने, २५६ पायऱ्या. जेथे सर्व काही मिळते, तेथे कशाचीच निवड करावी लागत नाही. येथे प्रत्येक सुराला विचारावे लागते, बाबा, तुझे येथे काय काम?

तरीही परीक्षकांच्या म्हणण्यात एक गोष्ट मी मान्य करतो. ही रचना गायनाच्या किंवा वादनाच्या स्पर्धेत बसत नाही. ज्याने दहा वर्षे तंबोऱ्यापुढे बसून गळा तयार केला, त्याच्या शेजारी आकड्यांची यादी ठेवून गुण देणे दोघांवरही अन्याय आहे. रंगमंचावर त्या क्षणी काही घडत नाही, हे खरेच. पण निबंध लिहिणारा तरी कोठे रंगमंचावर लिहितो? त्याच्यासाठी आपण निबंधस्पर्धा ठेवतो. चित्रकाराला वेळ देतो, कागद देतो, आणि पूर्ण झालेले चित्र पाहतो. तसे या कामासाठीही वेगळे स्थान असावे.

म्हणून आमच्या सांस्कृतिक समितीपुढे मी तीन सूचना ठेवल्या आहेत. पहिली, पुढच्या स्नेहसंमेलनात 'ध्वनिरचना' असा एक विभाग असावा. त्यात चारच मार्ग आणि फार तर शंभर किलोबाइट एवढीच मुभा असावी. दुसरी, प्रत्येक आवाज विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेला असावा, आणि तो कशावरून घेतला, कोणी ठोकला, कोणी वाजवला हे लिहिलेले असावे. या जुन्या फाइलीत प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असते. अमिगावाली पोरे तीत मित्रांना निरोप लिहीत. आपण तीत आवाजाच्या आईबापांची नावे लिहू. तिसरी, परीक्षकांत एक गाण्यातला आणि एक विज्ञानातला असावा, आणि दोघांनीही रचना शेवटपर्यंत ऐकावी.

खर्चाची बाजू कोणी विचारील, तर तो जवळजवळ नाही. संगणक प्रयोगशाळेत आहेत. आजच्या संगणकावर चालणाऱ्या मिल्कीट्रॅकर, ओपनएमपीटी यांसारख्या आज्ञावल्या फुकट मिळतात, आणि आवाज घ्यायला ऑडॅसिटी आहे. खेळणे मात्र आपले आपण आणायचे.

विद्यार्थिमित्रहो, समिती काय ठरवील ते ठरवो; आपण वाट पाहण्याचे कारण नाही. दर शनिवारी दुपारी दोन वाजता पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा उघडी राहील. मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या, सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना आग्रहाचे निमंत्रण आहे. गाणे येत असलेच पाहिजे असे नाही. पण ज्यांना येते त्यांनी अवश्य यावे, कारण टोचणारा सूर ओळखणारे कान आम्हाला कमी पडतात. घरातल्या लहान भावंडांना विचारून त्यांची पेटी घेऊन या. तिच्या चार पट्ट्या मुक्या असल्या तरी हरकत नाही. आपल्याला एकच पुरे. बॅटऱ्या तेवढ्या नव्या घाला.